उत्तरं शिक्षकांकडे जमा करावीत

माझं सर्वात जास्त वाचलं गेलेलं लिखाण म्हणजे इंग्रजीचा एक उतारा आणि त्याखालचे सहा प्रश्न.

हे लिहिताना मला अजिबात आनंद होत नाही. गेली चार-पाच वर्षं मी पत्रकं काढते. नदीपात्रातल्या राडारोड्यावर काढलं, रात्री वाजणाऱ्या डीजेवर काढलं, झाडांना खिळे ठोकून लावलेल्या क्लासच्या जाहिरातींवर काढलं. या पत्रकांत नाशिक रोडच्या जनतेनं वडे गुंडाळले. तक्रार नाही, वडे गुंडाळायलाही कागद लागतोच. पण ज्या एका कागदावर आमची अख्खी कॉलनी पेन घेऊन बसली, तो कागद मी जनतेसाठी लिहिलेलाच नव्हता. तो माझ्या धाकट्या बहिणीसाठी होता.

मुग्धाला दिल्लीच्या विद्यापीठात इतिहास शिकायचा होता. लहानपणी बाबांनी तिला पांडवलेणी दाखवायला नेलं, तिथले भिंतीवरचे शिलालेख बघून ती जी थांबली ती थांबलीच. दिल्लीसाठी प्रवेश परीक्षा होती, आणि परीक्षेत इंग्रजीचा पेपर. एक उतारा द्यायचा, खाली प्रश्न, चार पर्याय. मुग्धा मराठी माध्यमाची. बाबांनी अट घातली, "इंग्रजीत निघालीस तर दिल्ली. नाही निघालीस तर इथेच बी.कॉम." बाबा नोटांच्या प्रेसमधून निवृत्त झालेत. तिथे शिस्तीचा माणूस टिकतो, आणि टिकलेला माणूस घरी येऊनही शिस्त सोडत नाही.

आता आमच्या कॉलनीत इंग्रजीचे एक निवृत्त शिक्षक राहतात. गायधनी सर. निम्म्या नाशिक रोडला त्यांनी इंग्रजी शिकवलंय, तेही फुकट, तेही समोरच्या इमारतीत! मग प्रश्न काय?

प्रश्न मी.

गायधनी सर सोसायटीचे चेअरमनही आहेत. मार्चमध्ये त्यांनी गच्चीला कुलूप घातलं. ऐन वाळवणाच्या दिवसांत! कुरडया, पापड, सांडगे, सगळं बाल्कनीत आलं आणि कबुतरांची लग्नसराई सुरू झाली. जिन्यात एक लांबलचक सूचना चिकटवलेली होती. तिची पहिली ओळ, 'गच्ची बंद राहील', वाचूनच माझं रक्त उसळलं. त्याच संध्याकाळी मी पत्रक लिहिलं: 'गच्ची कुणाच्या बापाची?' खाली दोन घोषणाही दिल्या. तेव्हापासून सर आमच्या घराकडे बघायचे, पण जसं ट्रान्सफॉर्मरकडे बघतात तसं. लांबून.

"जा ना, सरांची माफी माग," आई म्हणायची.

"माफी? चळवळीत माफी नसते!"

"चळवळीत कुरडयाही नसतात गं. माझ्या होत्या त्या कबुतरांनी खाल्ल्या."

तर मुग्धाला मीच शिकवायचं ठरवलं. मी इंग्रजीत पदवीधर आहे. (दुसऱ्या श्रेणीत. व्यवस्थेमुळे.)

पहिला उतारा धरणावर होता. धरणामुळे खोऱ्यात समृद्धी आली वगैरे. प्रश्न: उताऱ्यानुसार धरणामुळे काय झालं?

"समृद्धी आली," मुग्धा म्हणाली.

"चूक!"

"ताई, इथे लिहिलंय."

"लिहिलंय म्हणून खरं? विस्थापितांचं काय?"

"उताऱ्यात विस्थापित नाहीयेत."

"तेच तर! उताऱ्यातूनही विस्थापित केले त्यांना!"

मुग्धानं पेन खाली ठेवलं. दुसरा उतारा जाहिरातींच्या उपयुक्ततेवर निघाला. तो मी वाचूच दिला नाही. तिसऱ्यात मधमाशा होत्या, म्हटलं आता शांतता. पण त्यात राणीमाशी निघाली, बाकीच्या माशा तिच्यासाठी राबतात, आणि लेखकाला याचं कौतुक! आठवडाभरात मुग्धाचे गुण निम्म्यावर आले. पूर्वी तिला समजायचं नाही म्हणून चुकायचं, आता समजून उमजून, तात्त्विक भूमिकेतून चुकायला लागलं.

"ताई," ती एकदा अगदी हळू म्हणाली, "मी सरांना विचारू का?"

"त्या हुकूमशहाला? मुळीच नाही. दोष पुस्तकात आहे. उताराच मी लिहिते."

आणि मी लिहिला. इंग्रजीत. इथे मराठीत सांगते, कारण ते इंग्रजी दुसऱ्यांदा छापण्याइतकी मी निर्लज्ज नाही. उतारा असा: एका छोट्या राज्यात एक राजा होता. राज्याच्या माथ्यावर एक पठार होतं. उन्हाळा आला की प्रजा त्या पठारावर पांढरेशुभ्र ढग वाळत घालायची. एके दिवशी राजानं पठाराला कुलूप लावलं आणि किल्ली बंडीच्या खिशात ठेवली. प्रजा ढग घेऊन उभी राहिली आणि पाखरं आली.

कुणाचंही नाव नाही. संयम बघा.

प्रश्न पहिला: राजानं कुलूप का लावलं? (अ) तो जुलमी होता. (ब) त्याला प्रजेचा हेवा वाटे. (क) त्याला सत्तेची धुंदी चढली होती. (ड) उताऱ्यावरून सांगता येत नाही. माझ्या उत्तरसूचीत अ, ब आणि क हे तिन्ही बरोबर होते. ड फक्त चार पर्याय भरावेत म्हणून घातला होता. सहावा प्रश्न: लेखिकेचा सूर कोणता? उत्तर अर्थातच (अ) निःपक्षपाती. आणि सगळ्यात खाली, खऱ्या प्रश्नपत्रिकेसारखं दिसावं म्हणून, ठळक अक्षरात: 'उत्तरं शिक्षकांकडे जमा करावीत.' शिक्षक म्हणजे मी.

मग मी एक प्रत काढायला फाइल रऊफभाईंना पाठवली.

रऊफभाई म्हणजे आमचे झेरॉक्सवाले. कॉलनीची पेपरची लाइनही त्यांचीच. त्यांची आणि माझी एक पद्धत बसलेली आहे. शनिवारी संध्याकाळी माझी फाइल मोबाइलवर आली, की त्यांनी काही विचारायचं नाही. घरटी एक प्रत काढायची आणि रविवारच्या पेपरात घालून टाकायची. मी काही लिहायचं नाही, त्यांनी काही वाचायचं नाही. क्रांतीत फार बोलायचं नसतं.

त्या दिवशी शनिवार आहे, हे माझ्या लक्षात नव्हतं.

रविवारी सकाळी पहिली बेल भामरेकाकूंनी वाजवली. काकू सटाण्याकडच्या. हातात कागद, चष्मा कपाळावर.

"काय वं माय, हाई काय शे?"

मी कागद बघितला. माझाच उतारा, खाली माझेच सहा प्रश्न.

"काही नाही काकू, चुकून आलाय. द्या इकडे."

"कसा देऊ? नातू सोडवतोय ना. तीन प्रश्न झाले त्याचे. तो म्हणतो राजा हावरट होता, मी म्हणते पाखरं हावरट होती. तू सांग."

काकू जिना उतरेपर्यंत जाधवकाका चढून आले. ते घाबरलेले होते. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं, की हा सोसायटीचा सर्व्हे आहे आणि भरून दिला नाही तर मेंटेनन्स वाढणार. "मी सगळीकडे क मारलाय," ते कुजबुजले. "चालेल ना? क सेफ असतो."

मी रऊफभाईंना फोन लावला.

"भाई, तो कागद सगळ्यांना का टाकला?"

"मग? शनिवारची फाइल ना? आपली नेहमीची सिस्टिम!"

"अहो, एकच प्रत हवी होती!"

"ताई, तुम्ही आजवर कधी एक प्रत मागितली का? पर इस बार मजा आया हां. पब्लिक दुकानात पेन मागायला येतेय. तुमच्या पत्रकाला पयल्यांदा पब्लिकनं उलटून बघितलं."

तोवर सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दंगल सुरू झाली होती.

'तिसऱ्याचं उत्तर काय?'

'सांगू नका. आपापलं सोडवा.'

'सी विंगमध्ये सरळ सरळ कॉपी चालू आहे!!'

'पुरावा द्या.'

'पठार म्हणजे गच्ची का?'

यानंतर ग्रुप पूर्ण शांत झाला. आमच्या ग्रुपच्या इतिहासात ही पहिलीच शांतता. मग जाधवकाकांनी विचारलं, 'मग राजा कोण?'

ग्रुपचे ॲडमिन गायधनी सर आहेत.

बाबा पेपर वाचत होते. त्यांनी आतला कागद काढला, उलटसुलट बघितला आणि चष्मा उतरवला. "मी जन्मभर अशा ठिकाणी नोकरी केली," ते म्हणाले, "जिथून कागदाचा कपटासुद्धा फाटकाबाहेर जाऊ देत नाहीत. आणि माझ्या घरातला कागद घरोघरी?"

"बाबा, निदान कुणाचं नाव तरी..."

"बंडीचा खिसा लिहिलायस! कॉलनीत बंडी कोण घालतं?"

आणि तेवढ्यात आईनं बाल्कनीतून जे बघितलं, त्यानं ती मट्कन खालीच बसली. समोरच्या इमारतीच्या जिन्यात रांग लागली होती. हातात कागद घेतलेली रांग. 'उत्तरं शिक्षकांकडे जमा करावीत!' आमच्या कॉलनीत शिक्षक एकच. लोकांनी राजाला जुलमी ठरवलं आणि ते लेखी स्वरूपात राजाच्या दारात नेऊन दिलं. काहींनी वर पोचपावतीही मागितली.

"संपलं," बाबा म्हणाले. "आता सर या जन्मात शिकवत नाहीत. बी.कॉम.ची चौकशी करा. मुग्धा कुठे आहे?"

मुग्धा घरात नव्हती. थोड्या वेळानं आली, सरळ आत गेली आणि इस्त्री केलेला ड्रेस घालून बाहेर आली. "जायचंय ना माफी मागायला?" तिनं विचारलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, तेच मला जास्त लागलं.

आमची वरात निघाली. पुढे बाबा, मागे आई, हातात कबुतरांकडून वाचवलेल्या कुरडयांचा डबा. मग मुग्धा. शेवटी मी. मोर्चात मी कधीही शेवटी चाललेली नाही.

दार उघडंच होतं. सर जेवणाच्या टेबलावर बसले होते, समोर कागदांचे गठ्ठे, हातात लाल पेन. आणि हो, अंगात बंडी.

"सर, पोरगी मूर्ख आहे," बाबांनी सुरुवात केली.

"ते आहेच," सर म्हणाले. "बसा. ही प्रश्नपत्रिका कुणी काढली?"

मी हात वर केला. आपोआप गेला. सरांचा आवाजच तसा आहे.

"राजा जुलमी होता. कुठे लिहिलंय?"

"म्हणजे... कुलूप लावलं ना त्यानं."

"लावलं. का लावलं, ते लिहिलंय?"

"नाही, पण..."

"पण नाही. उताऱ्यात असेल तेवढंच. तू राजाचं कारण दिलेलंच नाहीस, मग ते लोकांना कुठून सापडणार? पहिल्याचं उत्तर ड. अख्खी कॉलनी नापास! जाधवांचे सगळे क. हा माणूस पोस्टात साहेब होता." त्यांनी एक कागद बाजूला काढला. "एकच पेपर पूर्ण बरोबर आहे. सहापैकी सहा. त्यावर नाव नाही."

"माझा आहे तो, सर," मुग्धा म्हणाली.

आम्ही तिघंही वळलो.

"सगळे रांगेत जात होते," ती म्हणाली, "मग मीही गेले. मला कधीपासून तुम्हाला माझा एक पेपर दाखवायचा होता."

सरांनी चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं. "सहाव्याला ब लिहिलंयस. लेखिकेचा सूर संतप्त. कशावरून?"

"सहा ओळींत चार उद्गारचिन्हं आहेत, सर."

सर हसले. गच्ची प्रकरणानंतर पहिल्यांदा. "उद्यापासून ये. सकाळी सातला. परीक्षेपर्यंत रोज."

आईनं डोळे पुसले आणि डबा पुढे केला. "थोड्याच आहेत सर, बाल्कनीत वाळवलेल्या. गच्ची असती तर..."

"मग किल्ली का नाही नेली?"

आईनं पुढे केलेला डबा परत मागे घेतला.

"किल्ली?" आई म्हणाली.

"सूचनेत लिहिलंय ना. टाकीजवळचा कठडा खचलाय, पोरं तिथे पतंग उडवायला जातात, म्हणून दुरुस्तीपर्यंत गच्ची बंद राहील. वाळवणासाठी किल्ली चेअरमनकडून न्यावी. अगदी शेवटच्या परिच्छेदात आहे. मराठीत." मग ते माझ्याकडे वळले. "किल्ली मागायला एक माणूस आला नाही. घोषणा मात्र घरोघरी पोचल्या!"

आई माझ्याकडे बघत होती. बाबा माझ्याकडे बघत होते. खाली कुठेतरी कबुतरंही बघत असावीत.

"सर," मी उरलासुरला कणा सरळ करून म्हणाले, "तोच तर मुद्दा आहे! इतकी महत्त्वाची गोष्ट शेवटच्या परिच्छेदात का?"

"ही पण येईल सातला," बाबा सरांना म्हणाले.

मुग्धाला दिल्ली मिळाली. स्टेशनवर सोडायला सगळे होतो, सरही आले होते, पहिल्यांदाच बंडीवर शर्ट घालून. आईच्या कुरडया आता गच्चीत वाळतात. मी मात्र स्वस्थ बसणाऱ्यातली नाही. मी ताबडतोब नवं पत्रक लिहिलं: 'सूचना लांबवणाऱ्यांना जाब विचारा!' पण या वेळी रऊफभाईंकडे पाठवण्याआधी सरांना दाखवलं. इतकी सुधारणा माझ्यात झालेली आहे.

सरांनी ते शेवटपर्यंत वाचलं. एकही शब्द कापला नाही. फक्त खाली लाल शाईत एक प्रश्न लिहिला: लेखिकेचा सूर कोणता? आणि चार पर्याय.

मी घरी आणून खूप विचार केला, पत्रक दोनदा वाचलं, उद्गारचिन्हंसुद्धा मोजली, आणि अ वर खूण केली. निःपक्षपाती.