थांबायला लवकर शिकवा

डोळे मिटून गप्प बसणाऱ्या माणसांचे कसले आलेत किस्से, असं माझ्या नणंदेनं मला फोनवर विचारलं. अगं बाई, म्हटलं, तासभर तोंड बंद ठेवलेली माणसं चहाचा कप हातात आला की अशी काही सुटतात, की तुझ्या भिशीत सुद्धा तेवढं ऐकायला मिळणार नाही! मी ध्यानवर्गाला जायला लागले ती मनःशांतीसाठी. ती किती मिळाली ते माझ्या नवऱ्याला विचारा. किस्से मात्र इतके साठलेत की कुणाला तरी सांगितल्याशिवाय चैन पडत नाही.

वर्ग म्हणजे काय, तर हैदराबादच्या नारायणगुड्यातला सुमनताईंचा हॉल. ताई मूळच्या नांदेडकडच्या, दवाखान्यात मेट्रन होत्या, आता रिटायर झाल्यात. हॉलमध्ये बुद्धाची छोटी मूर्ती, समोर पांढरी फुलं, खाली सतरंजी. दर रविवारी सकाळी तिथं बसायचं आणि आपला श्वास बघायचा. आत आला, बाहेर गेला. मध्ये कसलाही आवाज येवो, वास येवो, पायाला मुंग्या येवोत, हलायचं नाही. मनात नुसतं 'आलंय' म्हणायचं आणि परत श्वासावर. आमच्यात कुणी विठ्ठलाचे, कुणी बालाजीचे, पण श्वास सगळ्यांचा सारखाच असतो असं ताईंचं म्हणणं.

*

आमच्या वर्गाचा हिरो म्हणजे गोविंदराव. माझ्याच बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर राहतात. त्यांची बायको शारदा माझी मैत्रीण.

माणूस मनानं सोनं, पण घाई म्हणजे घाई! ऑटोवाल्यानं ब्रेक मारायच्या आधी यांचा एक पाय बाहेर. सगळे आरतीच्या दुसऱ्या कडव्यावर असतात, तेव्हा यांचा कापूर पेटलेला. आणि समोरच्याचं वाक्य तर पुरं होऊच द्यायचं नाही. मी 'काल कोटीला' एवढं म्हणायचा अवकाश, 'साडी घ्यायला गेला होतात' हे ते मला सांगणार. चष्मा करायला गेले होते हो मी!

बाहेर आम्ही हसायचो. घरात ते हसण्यासारखं नव्हतं. त्यांचा मुलगा निखिल लहानपणापासून बोलताना अडखळतो. पोरगा हुशार, हायटेक सिटीत चांगली नोकरी, पण एखाद्या अक्षरावर जीभ अडली की अडली. आणि ती अडली रे अडली की गोविंदराव पुढचा शब्द त्याच्या तोंडात घालायचे. मदत म्हणून हं, मुलाचा कोंडमारा त्यांना बघवायचा नाही. पण झालं असं, की निखिल बापाशी बोलायचाच बंद झाला. शेजारच्या खोलीतून मोबाइलवर मेसेज करायचा, 'जेवायला बसा.'

बोलण्याचे व्यायाम शिकवणाऱ्या मॅडमनी आईबापांना एवढंच सांगितलं होतं, की तो बोलेल, तुम्ही थांबा. शारदाला ते जमलं. गोविंदरावांना काही केल्या जमेना. शेवटी एक दिवस ते आपण होऊन सुमनताईंकडे आले आणि हात जोडून म्हणाले, "ताई, मला थांबायला शिकवा. जरा लवकर शिकवा!"

*

वैशाखातल्या पौर्णिमेला रविवार आला होता. ताईंनी सगळ्यांसाठी खीर करायला घेतली. गॅस अगदी बारीक केला आणि आमच्यात येऊन बसल्या.

थोड्या वेळानं वास आला. गोड वास. मी मनात म्हटलं, 'वास आलाय,' आणि परत श्वासावर. मग तो वास करपट झाला. मी म्हटलं, 'करपट वास आलाय.' आपल्याला किती छान जमतंय बोलून मनातल्या मनात खूश झाले. नंतर कळलं की हॉलमधला प्रत्येक जण हेच करत होता, आणि ताईसुद्धा! डोळ्यांना झोंबायला लागलं तरी कुणी हललं नाही. उलट आज ताईंनी परीक्षाच ठेवलीय असं माझ्या शेजारणीला वाटत होतं.

एवढ्यात धाडकन कुणीतरी उठलं. गोविंदराव! स्वयंपाकघरात पळाले, गॅस बंद केला, पातेल्याशेजारी धुमसत असलेलं फडकं नळाखाली धरलं, खिडक्या उघडल्या. आम्ही डोळे उघडले तेव्हा हे शर्टाला हात पुसत दारात उभे होते, चेहरा पार पडलेला. त्यांनी ताईंना विचारलं, की मी पुन्हा घाई केली, म्हणजे नापास झालो का.

ताईंना खोकल्याची उबळ आली होती. ती ओसरल्यावर म्हणाल्या, "भाऊ, शांत बसायला सांगितलंय, घर जाळायला नाही."

वरवरची खीर आम्ही खाल्ली. करपलेली होती, पण नावं ठेवायची कुणाची टाप होती!

*

आता माझं ऐका. मी बत्तीस वर्षं जामबागेतल्या शाळेत गणित शिकवलं, त्यामुळे आवाज आणि पारा दोन्ही कायम वर. दवाखान्यात नंबर लावून बसणं म्हणजे मला शिक्षा. बायका पुढं घुसतात, कंपाउंडर ओळखीच्यांना आत सोडतो, आणि माझं डोकं फिरतं.

एक दिवस मी ठरवलं, की भांडायचं नाही. टोकन हातात घेतलं, खुर्चीवर ताठ बसले, डोळे मिटले. श्वास आत, श्वास बाहेर. अहो, काय सांगू, असं ध्यान लागलं म्हणता! पंख्याचा आवाज, पोरांचं रडणं, कंपाउंडरचं ओरडणं, सगळं येत होतं आणि जात होतं. आयुष्यात पहिल्यांदा मी दवाखान्यात सुखानं बसले.

डोळे उघडले तर हॉल रिकामा. कंपाउंडर खुर्च्या सरळ करत होता. त्याला विचारलं, माझा नंबर कधी. तो म्हणाला, "अम्मा, कितना पुकारा मैं! आप इतने सुकून से बैठे थे, उठाने को दिल नहीं हुआ."

डॉक्टर जेवायला निघून गेले होते. मग मी जी भांडले म्हणता!

*

इकडे गोविंदरावांची प्रगती बरी चालली होती. ऑटो थांबल्यावर उतरायला लागले. आणि एका संध्याकाळी चमत्कार झाला. निखिल स्वतःहून त्यांच्यासमोर येऊन बसला आणि म्हणाला, "पप्पा, मला ऑफिसमध्ये... प्र... प्र..."

झालं! यांचा बांध फुटला. प्रमोशन! शाब्बास! पोराला मिठी मारली, चपला घातल्या, पेढे आणले आणि पूर्ण बिल्डिंगमध्ये वाटून आले. मला तर दोन दिले. मी निखिलचं अभिनंदन करायला गेले, तर तो बिचारा कसनुसा हसला आणि आत निघून गेला.

दोन दिवसांनी शारदा माझ्याकडे येऊन रडली. पोराला सांगायचं होतं, की ऑफिसमध्ये प्राजक्ता नावाची मुलगी भेटलीय आणि तिच्याशी लग्न करायचंय. किती दिवस आरशासमोर उभं राहून त्यानं ते एक वाक्य तयार केलं होतं. आणि बापानं त्याचे पेढे वाटले. आता निखिलनं आईला सांगून टाकलं होतं, की मुलीच्या घरी बोलणी करायला तू चल, पप्पा नकोत. तिथं मला माझं मी बोलायचंय.

मुलाच्या लग्नाच्या बोलणीला बाप नको. गोविंदरावांनी हे ऐकलं आणि त्या दिवशी ते जेवले नाहीत. जिन्यात मला भेटले तेव्हा डोळे भरले होते. म्हणाले, "वहिनी, मुलगा हातचा गेला हो माझ्या. या तोंडानं घालवला मी."



*

सुमनताईंनी त्यांना नवा अभ्यास दिला. श्वास पुरे, म्हणाल्या, आता माणूस ऐका. गल्लीच्या तोंडाशी बशीरसाहेब राहतात. फार गोड म्हातारा, पण गोष्ट सांगायला लागला की लोक रस्ता बदलतात. ताईंनी गोविंदरावांना सांगितलं, की रोज त्यांच्याकडे बसायचं, आणि एकही शब्द मध्ये घालायचा नाही.

बशीरसाहेबांनी त्यांच्या लग्नाच्या बारातीची गोष्ट काढली. बारात हैदराबादहून बीदरला जायची होती. पहिल्या दिवशी शेरवानी कुणी शिवली इथपर्यंत आलं. दुसऱ्या दिवशी मामू रुसले. मग बस बिघडली. मग बस दुरुस्त करणाऱ्याच्या सासऱ्याची हकीकत. गोविंदराव सुरुवातीला घामाघूम होऊन घरी यायचे. शारदा सांगायची, की पाण्याचा तांब्या एका दमात संपवतात आणि म्हणतात, अजून बस सुरू नाही झाली!

पण हळूहळू गंमत झाली. माणूस रमायला लागला. एक दिवस शारदा जेवायला बोलवायला गेली, तर यांनी हातानंच तिला थांबवलं. बारात बीदरच्या वेशीशी पोचली होती ना! बशीरसाहेबांच्या बेगमनं तिला आत बोलावून खुबानीच्या मीठ्याची वाटी हातात दिली आणि सांगितलं, की इतक्या वर्षांत यांची गोष्ट पूर्ण ऐकणारे तुमचे साहेबच पहिले. घरातल्यांना सुद्धा शेवट माहीत नव्हता.

हे सगळं निखिल खिडकीतून बघत होता. बोलणीचा दिवस ठरला, तेव्हा त्यानं आईजवळ एक अट सांगितली. पप्पांना नेऊ, पण सुमनमावशी त्यांना चिकटून बसणार. पप्पांनी तोंड उघडलं, की मावशींनी त्यांचं मनगट दाबायचं. आणि या वेळी त्यांनी माझा शब्द घेतला, तर पुन्हा मी त्यांना कुठं नेणार नाही.

गोविंदरावांनी अट ऐकली आणि लगेच 'हौ' म्हणाले. इतकं लगेच म्हणाले, की शारदानं अट त्यांना पुन्हा पहिल्यापासून ऐकवली.

*

कुकटपल्लीला प्राजक्ताच्या घरी आम्ही सगळे गेलो. मला शारदानं बळंच नेलं, तिला धीर पाहिजे होता. सोफ्यावर गोविंदराव, त्यांना खेटून सुमनताई, ताईंचा हात यांच्या मनगटावर तयार. समोर मुलीचे आईवडील. निखिल एकट्या खुर्चीवर, आणि प्राजक्ता आतल्या दाराशी.

पोहे झाले, चहा आला. मुलीचे वडील सभ्य माणूस, हळू बोलणारे. नोकरीचं, गावाचं विचारून झालं. निखिल अडखळत का होईना, उत्तरं देत होता. प्रत्येक वेळी आम्ही गोविंदरावांकडे बघायचो. ते जमिनीकडे बघत होते. कपाळावर घाम, पण ओठ घट्ट मिटलेले.

मग मुलीच्या वडिलांनी कप खाली ठेवला. म्हणाले, "एकच विचारतो. आमच्या प्राजक्तात तुम्हाला काय आवडलं?"

निखिल म्हणाला, "ती..." आणि थांबला. मान ताठ झाली, डोळे मिटले गेले. "ती वा... वा..."

शारदानं माझी बोटं धरली. मुलीच्या आईनं मान खाली घातली. "वा..." निखिलचा चेहरा लाल झाला. माझ्याच घशाशी शब्द आले होते हो, मी ते कसे गिळले माझं मला माहीत.

"वागायला फार चांगली आहे, असं म्हणायचंय त्याला," कुणीतरी बोलून गेलं.

सुमनताई! आम्हाला श्वास बघायला शिकवणाऱ्या, धुरात सुद्धा न हललेल्या आमच्या सुमनताई!

गोविंदरावांनी आपला दुसरा हात हळूच ताईंच्या हातावर ठेवला.

"ताई, थांबा," ते म्हणाले. "तो सांगतोय."

निखिलनं डोळे उघडले. बापाकडे बघितलं. चांगलं बघितलं. मग मुलीच्या वडिलांकडे वळला, आणि घाई न करता, प्रत्येक शब्द आपल्या वेळेनं येऊ देत, म्हणाला,

"मी बोलत असलो, की ती वाट बघते."