न उघडलेली पिशवी

माणसाचं खरं चरित्र त्याच्या कचऱ्यात असतं, आणि आमच्या भागातली अशी सगळी चरित्रं माझ्या थोरल्या मावसबहिणीला तोंडपाठ आहेत. आदिलाबादला लागून असलेल्या मावला गावात सुक्या कचऱ्याचं केंद्र आहे, तिथं ती कामाला असते. लोक बाटल्या, पुठ्ठे, प्लास्टिक आणून देतात. ती प्रत्येकाची पिशवी त्याच्यादेखत पालथी करते आणि निकाल सांगते. एका निवृत्त हेडमास्तरांना तिनं भर रांगेत विचारलं होतं, "सर, शुगर हाय ना तुमाले? मंग हे सोनपापडीचे डबे कोनाचे?" तेव्हापासून सर कचरा सुनेच्या हाती पाठवतात. तेलुगू माणसाला तेलुगूत, व्यापाऱ्याला हिंदीत, पण बोलणी सगळ्यांना सारखीच. फुटकी काच कागदात न गुंडाळता कुणी आणली, तर ती त्याच्या नाकासमोर आपला टाके पडलेला अंगठा धरते.

उघडायची नाही ती फक्त आमची पिशवी. दर रविवारी मी नेऊन द्यायचो आणि ती तशीच बाजूला ठेवायची. आपल्याच घरचं काय पाहायचं, म्हणायची.

गेल्या पोळ्याच्या सुमारास ती भर दुपारी काम सोडून आमच्या दारात उभी राहिली. ढिगावर आमची पिशवी आपोआप फाटली होती. तिच्या हातात बिस्किटाचा रिकामा पुडा होता आणि पुड्यात आईच्या हृदयाच्या गोळ्या, तीसचाळीस तरी. रोज सकाळी मी त्या आईच्या तळहातावर ठेवायचो, ती पाणी मागायची, आणि मी निश्चिंत ऑफिसला जायचो. असे किती पुडे मी स्वतःच केंद्रावर पोचवले असतील, कोण जाणे.

"साऱ्या जगाच्या पिशव्या उघडल्या मी, बापू," ती म्हणाली. "तुहीच नाही उघडली."

दुसऱ्या दिवसापासून ती रोज सकाळी यायची, आईला गोळी द्यायची, जीभ वर करून दाखवायला लावायची. आई निमूट ऐकायची. पण डॉक्टर म्हणाले, फार उशीर झाला. थंडी पडायच्या आत आई गेली.

गोळ्या का टाकत होती, हे आईनं मला कधी सांगितलं नाही. मावसबहिणीला सांगितलं असावं. एका सकाळी दोघी दार लावून रडत होत्या. आईच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आटोपल्यावर, अंगणात ती भांडी घासत असताना मी तिला विचारलं. गावाची गुपितं चारचौघांत सांगणारी ती बाई पातेल्याचं बूड बराच वेळ घासत राहिली.

"तुह्यावर राग नव्हता तिचा," शेवटी ती म्हणाली. "बाकीचं माह्यापाशी राहू दे."

मी पुन्हा विचारलं नाही. ती एकेक भांडं विसळून माझ्याकडे सरकवत होती, आणि मी ते पुसून ठेवत होतो.