आधी पाणी, मग मृतांची नावे

सावध करणे हा एक धर्म आहे. आणि तो केवळ उच्चाराने पूर्ण होत नाही, हे फार थोड्यांना उमगते. बोलणाऱ्याला वाटते, आपण सांगितले, आपले कर्तव्य संपले. परंतु शब्द मुखातून सुटला म्हणजे तो कुणाच्या अंतःकरणात उतरला असे होत नाही. मधल्या वाटेवर वारा असतो, भांड्यांचा आवाज असतो, ऐकणाऱ्याचे स्वतःचे दुःख असते. आपल्या शब्दाचे बोट धरून ती वाट शेवटपर्यंत चालणारी माणसे विरळा. आयर्लंडच्या पश्चिमेला, आमच्या काउंटीत, डिम्फ्ना गिलहूली ही तशी एक बाई होऊन गेली. मात्र ती जन्मतः तशी नव्हती. एका दुपारी, मयताच्या घरातल्या स्वयंपाकघरात, तिला ते कळले.

काउंटी कौन्सिलच्या ड्रमकोरा येथील कार्यालयात ती नोकरीला होती. कुठला रस्ता बंद, कुठल्या वळणावर बर्फ वितळायला मीठ टाकले, नळाला पाणी केव्हा येणार नाही, ही वर्तमाने लोकांपर्यंत पोचवणे हे तिचे काम. स्थानिक रेडिओ सुरू झाला तेव्हा तिनेच आग्रह धरला, की कौन्सिलच्या सूचना सकाळच्या मृत्युवार्तांनंतर लगोलग घ्याव्यात. नुकत्याच वारलेल्यांची नावे रेडिओवर वाचली जातात, त्या वेळी गोठ्यातला माणूससुद्धा हातातली बादली खाली ठेवतो. सारी काउंटी कान देऊन बसलेली असते, तेव्हाच आपण बोलावे, हा तिचा विचार. आणि त्या विचाराचा तिला वर्षानुवर्षे सात्त्विक अभिमान होता. कार्यालयातल्या फोनवरून ती सूचना वाचत असे, संथ आणि सुस्पष्ट.

नव्वदीच्या दशकातल्या एका ऑक्टोबरात तळे फुगले आणि कुरणांवरचे घाण पाणी शुद्धीकरणाच्या टाक्यांत शिरले. त्या सकाळी डिम्फ्नाने वाचले: नळाचे पाणी उकळल्यावाचून कुणीही पिऊ नये, आजारी आणि वृद्ध माणसांनी तर मुळीच नाही. तिच्या आधी वाचल्या गेलेल्या नावांत पोस्टमन डॅन मगोल्ड्रिकचे नाव होते. डॅनची सायकल ज्याच्या दाराशी थांबली नव्हती, असे घर आमच्याकडे नव्हते.

दुपारी ती डॅनच्या घरी अंत्यदर्शनाला गेली; आमच्याकडे दफनापूर्वी मयत घरातच ठेवतात आणि जमलेल्यांना चहापाणी करतात. पुढच्या खोलीत तो जपमाळ हाती गुंफून निजला होता. त्याच्यासाठी प्रार्थना करून ती स्वयंपाकघरात आली. शेजारची व्हेरा टॅन्सी नळाखाली जग धरून मुलांसाठी संत्र्याचे सरबत करीत होती.

"व्हेरा, हे पाणी उकळलेलं आहे का गं?"

"सरबताला कोण पाणी उकळतं बाई? चहा हवा असेल तर किटली ठेवलीय."

"सकाळी माझं ऐकलं नाहीस?"

"ऐकलं की. रोजच ऐकते. काय गोड आवाज आहे तुझा."

"मग मी काय म्हणाले?"

व्हेराने नळ तसाच वाहता ठेवला. "पुलाजवळचा रस्ता बंद आहे, असंच ना काहीतरी?"

"तो मागच्या हिवाळ्यात होता."

स्वयंपाकघरात दहाबारा माणसे होती. डिम्फ्नाने एकेकाकडे पाहिले. कुणी कपात पाहू लागले, कुणी जमिनीकडे. अखेर दारापाशी टोपी हातात धरून बसलेला ह्यूई बोलला. "रागावू नकोस पोरी. तुझं सुरू होतं तेव्हा आमचं सुरू झालेलं असतं. नाव कानावर पडलं, की छातीवर क्रूसाची खूण करायची आणि रेडिओ बारीक करायचा. मग तो कुणातला, बायको कुठल्या घरची, गेला कशानं... मयताचं नाव घेतल्यावर रेडिओ मोठा ठेवणं बरं दिसतं का? आणि आज तर आपला डॅन. आज देवदूत बोलला असता, तरी कुणी ऐकलं नसतं."

डिम्फ्नाला आठवले. रविवारी, घरी असताना, तिनेही हेच केले होते. नावे संपताच तिचा स्वतःचा हात रेडिओच्या बटणाकडे गेला होता, आणि तेव्हा तिला त्यात काहीच वावगे दिसले नव्हते. इतकी वर्षे ती एका रिकाम्या घरात बोलत होती.

आणि तेव्हा तिला चुलीजवळच्या खुर्चीत बसलेली आपली आई दिसली. शेजाऱ्यांनी तिला गाडीतून आणले होते. वसंतात तिच्या पोटाची शस्त्रक्रिया झाली होती; आता पोटाला कसलाही संसर्ग सोसायचा नाही, असे डॉक्टरांनी बजावले होते. तिच्या हातात गोळीबरोबर घेतलेल्या पाण्याचा पेला होता, निम्मा रिकामा.

"आई, तू तरी?"

"मी तुझा आवाज ऐकते ना बाळ. पोरगी कामावर सुखरूप पोचली, एवढं कळतं. मग बारीक करते."

डिम्फ्नाने तिच्या हातून पेला काढून घेतला. जग मोरीत ओतला आणि नळाच्या तोंडाला भांडी पुसायचे फडके घट्ट बांधले. मग मृताच्या पायाशी प्रार्थना चालू असताना तिने पाद्रीबाबांना मध्येच थांबवले आणि पाण्याचे सांगितले. असे आमच्याकडे त्यापूर्वी कुणी केले नव्हते.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती रेडिओ केंद्रात जाऊन नावे वाचणाऱ्या जार्लथसमोर उभी राहिली.

"उद्या नाही, आजपासून. आधी पाणी, मग नावं."

"मयतांना ताटकळत ठेवू? लोक मला जिवंत ठेवतील का, डिम्फ्ना?"

"डॅन कुठं पळून चाललाय, जार्लथ? जन्मभर टपालाची वाट बघायला लावली त्यानं आपल्याला. थांबेल तो घटकाभर. नावांची वाट बघणारा माणूस रेडिओला हात लावत नाही."

जार्लथने मागचापुढचा विचार केला, आणि मायक्रोफोन तिच्याकडे सरकवला.

आईला ताप चढला तो त्यानंतर दोन दिवसांनी. काउंटीच्या रुग्णालयात बरीच माणसे पोट धरून आली. ती सारी बरी होऊन घरी गेली. आई मात्र घरी परतली नाही. पुढच्या आठवड्यात तिने प्राण सोडला.

त्या सकाळी पाण्याची सूचना अजून लागूच होती. डिम्फ्नाने रुग्णालयाच्या फोनवरून ती वाचली. आवाज तसाच, संथ आणि सुस्पष्ट. त्यानंतर कुणाचे नाव येणार हे ठाऊक असल्यामुळे घराघरांत कुणी हलले नाही. मग जार्लथने तिच्या आईचे नाव वाचले. त्या दिवशी व्हेराच्या घरी, ह्यूईच्या घरी आणि त्यापलीकडे दूरवर, किटल्या चुलीवर चढल्या.

डिम्फ्नाला जाऊनही आता बराच काळ लोटला. तिचे नाव वाचले गेले ते बाजारातल्या फुटलेल्या नळाच्या सूचनेनंतर. आमच्या काउंटीत आजही आधी पाण्याचे सांगतात, आणि मग मृतांचे.