कुरडया आणि कॉम्प्रेसर

अमडापूरला घराच्या मागच्या अंगाला आम्ही दूध संकलन सुरू केलं, तेव्हा सगळ्यात जास्त आनंद माझ्या सासूबाईंना झाला. आत्याबाईंना माणसांची भारी आवड. सकाळ-संध्याकाळ माणसं कॅन घेऊन दारात येणार, म्हणजे कुणाची म्हैस व्याली, कुणाची सोयरीक कुठवर आली, हे सगळं घरबसल्या कळणार. मला मात्र कौतुक होतं ते त्या मोठ्या स्टीलच्या टाकीचं. दूध ओतायचं, बटण दाबायचं, की शेजारच्या पत्र्याच्या खोलीत कॉम्प्रेसर गुरगुरायला लागायचा आणि दूध गारेगार.

हिवाळा असा मजेत गेला. उन्हं तापायला लागली तसं मशीन मध्येच बंद पडू लागलं. थोडा वेळ थांबून परत सुरू केलं की चालायचं, आणि पुन्हा बंद. आम्ही हातची एकही युक्ती सोडली नाही. पत्र्यावर ओली पोती टाकली. मालकांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, तर घरातला उभा पंखा आणून दारातूनच आत सरकवला आणि कॉम्प्रेसरकडे तोंड करून ठेवला. तरीही मशीन बंद पडायचं ते पडायचंच.

मग एके सकाळी दूध न्यायला येणाऱ्या टँकरवाल्यानं टाकीतलं दूध तपासलं आणि मान हलवली.

"वहिनी, हे न्याले जमत नाई. कोमटच आहे अजून."

टँकर रिकामा गेला. त्या दिवशी अंगणात तीन दगडांची चूल मांडून मोठ्या कढईत आम्ही दूध आटवत बसलो. शेजारच्या बायका झारे घेऊन आल्या, गप्पा रंगल्या, आणि संध्याकाळी सगळ्या गल्लीनं पेढे खाल्ले. मीही हसत होते, पण ढवळता ढवळता हिशेब करत होते. रोज रोज पेढे कोण खाणार?

दुसऱ्या दिवशी मलकापूरहून मेकॅनिक आला. हा मालकांचा वर्गमित्र, फ्रिज आणि एसी दुरुस्त करणारा, तोंडानं फटकळ. त्यानं पत्र्याच्या खोलीचं दार उघडलं आणि तसाच मागे सरला.

"काऊन बे, इथं भट्टी लावली का विटाची?" तो मालकांना म्हणाला.

मग तो आत वाकून बघतच राहिला. मीही त्याच्या खांद्यावरून पाहिलं. मशीनच्या आडोशाला, त्याच्या पंख्यासमोर भिंतीला टेकून एक बाज उभी केलेली, तिच्यावर जुनं लुगडं ताणून बांधलेलं, आणि त्या लुगड्यावर ओळीनं कुरडया. पलीकडे पोत्यावर पापड.

"आत्याबाई," मी हाक मारली.

त्या पदराला हात पुसत आल्या. चेहऱ्यावर जराही संकोच नाही. "मंग काय करू? गच्चीवर घातल्या तं वानरं खाऊन जातात. मांगच्या वर्षी निम्म्या नेल्या. इथं कोणी येत नाई, अन् लय छान वाळतात."

मेकॅनिक आधी हसला, मग पायरीवर बसला आणि त्यांना समजावू लागला. "मावशी, हे मशीन थंडी बनवत नाई. दुधातली गरमी काढते अन् या पंख्यानं बाहेर फेकते. तुमच्या बाजेनं ती वाट अडवली. गरम हवा खोलीतच फिरून राह्यली अन् मशीन तीच परत वढून राह्यलं. जीव घाबरला की ते आपलं आपण बंद पडते."

"अन् माह्या पंख्यानं?" मालकांनी विचारलं.

"तू तं गरम हवाच त्याच्या तोंडावर मारत होता."

आत्याबाई तोंडाला पदर लावून हसल्या. मग मात्र त्यांनी निकडीचा प्रश्न टाकला: कुरडया कुठं घालायच्या?

त्याचं उत्तर दुपारपर्यंत चाललेल्या खटपटीतून निघालं. आधी मेकॅनिकनं मशीनची जाळी ब्रशनं साफ केली. तिच्यातून धूळ, कापसाचे पुंजके आणि कोंबडीची पिसं निघाली. मग मशीन ओढून त्याची मागची बाजू लिंबाच्या सावलीतल्या खिडकीशी आणली, म्हणजे गार हवा आत येईल. गावातल्या पत्रेवाल्याकडून एक चौकोनी नळकांडं करून घेतलं आणि पंख्याची गरम हवा थेट पलीकडच्या रिकाम्या कडब्याच्या खोलीत सोडली. त्या खोलीच्या वरच्या झरोक्याला जाळी ठोकली. हवा बाहेर जाईल, वानर आत येणार नाही. आत्याबाईंनी आत जाऊन हवेपुढे हात धरला आणि लगेच बाज हलवायला घेतली.

संध्याकाळचं दूध न अडखळता थंड झालं. मी टाकीवरचा तापमानाचा आकडा उतरताना पाहत उभी होते. बाकीचे जेवायला बसले तरी माझा पाय निघेना.

पण माझ्या डोक्यात वेगळंच शिरलं होतं. दुधाचे कॅन गरम पाण्यानं धुवावे लागतात, आणि त्यासाठी मी रोज चुलीत कापसाची वाळकी पऱ्हाटी जाळून धुरात डोळे चोळत बसायचे. मेकॅनिक निघायला लागला तेव्हा मी त्याला विचारलं, "भाऊ, एवढी गरमी आहे तं माह्यं पाणी नाई का तापणार हिच्यावर?"

त्यानं हातातला पाना खाली ठेवला. "तापन की. कॉम्प्रेसरातून निघणारी नळी लय गरम असते. ती पहिले पाण्याच्या टाकीतून फिरवली, तं पाणीबी तापन अन् पंख्यावरचा भारबी कमी होईन." मग म्हणाला, "हे मले काऊन नाई सुचलं?"

पुढच्या खेपेला तो तांब्याच्या नळीचं वेटोळं आणि जाड आवरणाची टाकी घेऊनच आला. दिवसभर काम चाललं. दुसऱ्या दिवशी सकाळचं दूध थंड होत आलं तेव्हा मी तोटी सोडली. पाण्याला वाफ होती. मी हात खाली धरला आणि चटका बसून मागे घेतला. मालक म्हणाले, "काय झालं?" मी हसत पहिला कॅन तोटीखाली सरकवला. चुलीत काडी न घालता त्या सकाळी सगळे कॅन धुऊन झाले.

आता थंडी पडली की आत्याबाई बादली घेऊन तोटीशी पहिला नंबर लावतात. कॅनला पाणी पुरेल की नाही, याची काळजी मला, त्यांना नाही. परवा शेगावहून त्यांची बहीण आली होती. तिला आंघोळीचं पाणी काढून देत त्या अगदी सहज म्हणाल्या, "घे, अख्ख्या गावाच्या म्हशींनी तापवलं आहे."