कोरडे हातमोजे

आत्याच्या हातची थप्पड खाल्ली नाही असा माणूस त्या तबेल्यात औषधालाही सापडला नसता. साधी थप्पड नव्हे ती. कानाखाली जाळ निघायचा, डोळ्यांपुढे काजवे चमकायचे आणि पुढचा अर्धा दिवस एका कानात शिट्टी वाजत राहायची. मालकाने सोळाव्या वर्षी खाल्ली होती. आता त्याचं पोट सुटलं, केस गेले, तरी आत्या समोरून आली की त्याचा हात आपोआप गालाकडे जायचा. नालबंदाने दोनदा खाल्ली होती आणि दुसऱ्या वेळी दाढही गमावली होती.

गुन्हा मात्र एकच: घोड्याची दोरी हाताला गुंडाळणं.

थंडीत हे होतंच. सकाळी बोटं आखडतात, मूठ वळत नाही, दोरी निसटेल असं वाटतं. मग माणूस शहाणपणा करतो आणि तळहाताभोवती एक वेढा देतो. घोडा उभा आहे तोवर सगळं झकास. घोडा उधळला की त्या वेढ्याचा फास होतो, आणि पाचशे किलोचं जनावर निघालं की हाताला जोडलेला माणूसही निघतो. म्हणून दोरीच्या घड्या करायच्या आणि घड्या मुठीत धरायच्या. सोडायची वेळ आली तर मूठ उघडली की काम झालं. एवढं समजायला फार अक्कल लागत नाही. पण आत्याच्या मते माणसाला डोक्याने काही समजत नसतं, जे काय समजतं ते गालाने.

तिच्या धाकट्या भावाच्या गालावर वेळेवर कुणी मारली नव्हती. अठरा हिवाळ्यांपूर्वी तो एका तरण्या घोडीला गोठलेल्या शेतातून आणत होता. हातमोजे विसरलेला, म्हणून दोरीचे दोन वेढे हाताला. कुंपणातून कुत्रं भुंकत बाहेर आलं आणि घोडी सुटली. शेताच्या दगडासारख्या ढेकळांवरून, मग काटेरी तारेच्या कडेने, मग रस्त्यावरून. आत्या मागून धावत होती आणि शिव्या घालत होती, घोडीला नाही, भावाला. घोडी फाटकापाशी थांबली तेव्हा चेहरा म्हणावा असं त्याच्याकडे काही उरलं नव्हतं. आत्याने विळ्याने दोरी कापली. दुपारी मालकाच्या बापाने घोडीला गोळी घातली, तेव्हा ती म्हणाली, "तिला कशाला? ज्याला घालायची तो आधीच मेलाय." मग आत गेली, भावाच्या चार वर्षांच्या पोरीला कडेवर घेतलं आणि तिच्या डोक्यात तोंड खुपसून गुरासारखी रडली. पोरीला आई नव्हतीच. तेव्हापासून ती भाची आत्याची.

ही भाची आता बावीस वर्षांची. बापासारखीच उंच, बापासारखीच घाईची आणि बापासारखीच हातमोजे विसरणारी. तिने किती थपडा खाल्ल्या त्याची मोजदाद नाही.

हात कसे सांभाळायचे हे आत्याकडून शिकावं. आत लोकरीचे मोजे, वर चामड्याचे. हौदावरचा बर्फ फोडताना दोन्ही काढायचे आणि उघड्या हाताने फोडायचा, कारण उघडा हात पुसता येतो, ओला मोजा पुसता येत नाही. ओला मोजा हा थंडीचाच माणूस, असं ती म्हणायची. कोरडी जादा जोडी कायम कमरेला, पोटाला चिकटून. लगामाचं लोखंड काखेत धरून गरम केल्याशिवाय घोड्याच्या तोंडात द्यायचं नाही. गोठलेलं लोखंड जिभेची साल काढतं, आणि साल निघालेला घोडा ते विसरत नाही. हात फारच आखडले तर शेगडीकडे पळायचं नाही, घोड्याच्या आयाळीखाली मानेला लावायचे. तिथे कडाक्याच्या थंडीतही तापवलेल्या विटेची ऊब असते.

एवढं सगळं करूनसुद्धा आत्याचा उजवा हात मरत चालला होता.

गेल्या हिवाळ्यात सुरू झालं. करंगळी, तिच्या शेजारचं आणि मधलं, तीन बोटं सकाळी पांढरीफटक पडायची आणि दुपारपर्यंत तिला ती आपली वाटायचीच नाहीत. एकदा शेगडीवरची किटली उचलताना जळल्याचा वास आला. कुणाचं काय जळतंय म्हणून तिने इकडेतिकडे पाहिलं, तर तिचंच बोट. तिने बोटावर चरबी चोपडली, वर मोजा चढवला आणि तोंडाला कुलूप घातलं.

कुलूप घालायला कारण होतं. कारणाचं नाव काळ्या.

काळ्या हा तबेल्यातला वळू घोडा, खांदा माणसाच्या डोक्याला लागेल एवढा. आला त्याच वर्षी त्याने एका मोतद्दाराचा कान तोडून जमिनीवर थुंकला होता. दुसऱ्याला भिंतीशी दाबून तीन फासळ्या मोडल्या होत्या. मालक त्याला विकत नव्हता, कारण तबेल्याचं नाव त्याच्यामुळे होतं, आणि आत्याशिवाय तो कुणाला भीक घालत नव्हता. मालकाने एकदा सरळ सांगितलं होतं, "आत्या, तुमच्याच्याने होत नसेल त्या दिवशी सांगा. काळ्याची दोरी भाचीकडे देऊ. तिच्या अंगात रग आहे."

रग तिच्या बापाच्याही अंगात होती. आत्याने त्या दिवशी मनाशी शपथ घेतली की आपला हात खांद्यापासून गळून पडला तरी ही दोरी पोरीच्या हातात जाऊ द्यायची नाही.

आणि मग तो दिवस आला. नालबंद काळ्याच्या नालांना बर्फावर न घसरणारे टोकदार खिळे मारायला येणार होता. रात्रभर पडलेला बर्फ तबेल्याच्या छपराच्या पत्र्यावर थिजून बसला होता. हौदाचं काम भाचीचं, पण तिचा पत्ता नव्हता. आत्या कुऱ्हाड घेऊन स्वतः गेली. हौदाशी पोचली तोच नालबंद खोकत फाटकातून आत आला.

मोजे काढायला हवे होते. पण काढले असते तर पांढरी बोटं त्याला दिसली असती, आणि नालबंदाला दिसलं म्हणजे मालकाला दिसलं. आत्याने मोज्यांसकट बर्फ फोडला आणि मोज्यांसकट तुकडे बाहेर फेकले. लोकर पाणी प्यायली.

"मोजे भिजले की, आत्या," नालबंद म्हणाला.

"तुझी नजर घोड्याच्या खुरावर ठेव. माझ्या हातांचं काय करायचं ते मी बघते."

कोरडी जोडी कमरेला होती. पोटाला तिची ऊब लागत होती. ती बदलायची म्हणजे पुन्हा हात उघडा करायचा. तिने काळ्याला अंगणात आणलं, त्याच्या तोंडावरच्या मोहरकीची दोरी धरली, आणि नालबंद पुढचा पाय मांडीवर घेऊन वाकला.

दुसऱ्या पायाचं काम निघेपर्यंत बोटं बधिर झाली. तीन नव्हे, पाचही. आत्याने मुठीकडे पाहिलं तेव्हा दोरी अर्धी निसटलेली होती आणि तिला कळलंही नव्हतं. काळ्याने कान मागे पाडले. त्याला दोरीतला ढिलेपणा कळतो. आता हाक मारली तर मालक येणार, भाची येणार आणि दोरी तिच्या हातात जाणार. अठरा वर्षं जे पाहिलं की तिचा हात उठायचा, ते तिने एका क्षणात स्वतः केलं. दोरीचा एक वेढा तळहाताभोवती दिला. मग अजून एक.

नालबंदाने मान वर केली आणि पाहिलं. "आत्या, हे काय? लोका सांगे..."

म्हण पुरी झाली नाही. पत्र्यावरचा सगळा बर्फ एकदम घसरला आणि तोफेसारखा अंगणात आदळला.

काळ्या मागच्या पायांवर उभा राहिला. नालबंदाच्या मांडीवर टाप बसली आणि हाड मोडल्याचा आवाज आत्याने ऐकला. मग तिचे पाय जमिनीवरून सुटले. तोंडात बर्फ, माती, लीद, रक्त. हौदाचा कठडा बरगड्यांत घुसला. घोडा वळला तशी ती वळली, पोटावरून पाठीवर, आणि एक टाप तिच्या कानाशेजारी जमीन फोडून गेली. हाताला काही दुखत नव्हतं. दुखत नव्हतं याचीच तिला भीती वाटली. भावालाही दुखलं नसेल का, असं तिच्या मनात आलं, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिला त्याचा राग आला नाही.

"काळ्याऽऽ!"

भाची धावत आली. धावत येऊन थांबली नाही, सरळ त्याच्या डोक्यावर जाऊन आदळली. एका हाताने मोहरकी, दुसऱ्याने नाकपुडी. घोड्याने तिला उचलून खांबावर आपटलं. ती सुटली नाही. त्याने तिच्या दंडाचा लचका तोंडात धरला, स्वेटर फाटला, रक्त कोपरावरून ओघळलं. तिने त्याच्या नाकावर कपाळ हाणलं. "पुरे! पुरे म्हणते ना, गाढवा!" आणि काळ्या थरथरत थांबला.

नालबंद मोडका पाय ओढत सरपटत आला आणि खूर तासायच्या सुरीने दोरी कापली. आत्याचा हात खाली पडला. तिघांनीही मोज्याकडे पाहिलं. मोज्यात करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट होतं, पण ती आता हाताला नव्हती, नुसत्या मोज्यात होती.

नालबंदाने कमरेच्या पट्ट्याने तिचं मनगट आवळलं. आवाज ऐकून आलेला मालक गाडी काढायला धावला. भाची कपाळावरचं रक्त पुसत आत्याच्या समोर येऊन उभी राहिली. कापलेल्या दोरीकडे तिने पाहिलं, वेढ्यांकडे पाहिलं. मग खाली वाकली आणि आत्याच्या गालावर सणसणीत वाजवली.

"माझ्या बापाला मारायला नव्हतीस पोचली तू," ती म्हणाली. "मी पोचले. किती दिवस झालेत हाताला?"

"दोन हिवाळे."

"मग बोललीस का नाही?"

"बोलले असते तर हा तुझ्याकडे आला असता."

भाचीच्या मागे काळ्या उभा होता आणि तिच्या स्वेटरच्या खिशात नाक खुपसत होता, रोज तिथे काहीतरी सापडत असल्यासारखा. आत्याने ते पाहिलं.

"हा तुला कसा ओळखतो?"

भाचीने नालबंदाकडे पाहिलं. नालबंदच विव्हळत म्हणाला, "सांगून टाक गं. मला वेदनेत खोटं बोलता येत नाही."

"गेल्या हिवाळ्यापासून," भाची म्हणाली. "तू जेवायला जातेस तेव्हा. मीच फिरवते त्याला. मालकांनी सांगितलं होतं. तुला कळलं तर मारशील, म्हणून..."

म्हणजे जी दोरी पोरीच्या हातात जाऊ नये म्हणून आत्याने दोन हिवाळे दात आवळून काढले, दोन बोटं घालवली, ती दोरी रोज दुपारी पोरीच्याच हातात होती. आत्या घास चावत होती तेव्हा. तिच्या थपडेच्या धाकाने भाची गप्प राहिली, आणि भाचीच्या काळजीपोटी ती. तिला मारावंसं वाटलं, पण कुणाला ते कळेना.

मग तिची नजर पोरीच्या हातावर गेली. दंडातून रक्त गळत होतं, बोटं जांभळी पडली होती, हातमोजे अर्थातच नव्हते. पण मोहरकीला लोंबणारा दोरीचा तुकडा त्या मुठीत होता. एकावर एक घड्या. वेढा एकही नाही. बापासारख्या त्या हातात वेढा एकही नाही.

आत्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं ते तिने पुसलं नाही, डाव्या हाताने उजवा धरून ठेवला होता. गाडी फाटकात आली. तिला उचलायला तबेल्यातली माणसं वाकली.

"थांबा," ती म्हणाली. डाव्या हाताने कमरेशी चाचपडून तिने कोरडी जोडी बाहेर काढली. पोटाची ऊब अजून तिच्यात होती. तिने ती पोरीपुढे धरली.

"घाल."

भाचीने डावा मोजा घेतला आणि घुटमळली. "उजवा तुला लागेल ना, आत्या."

"कशात घालू? दोन्ही घे," आत्या म्हणाली. "आणि त्याला आत ने. उघड्यावर घाम आलाय त्याला, सर्दी होईल."