फुंकर मोजणाऱ्या वहिनी

कोल्हापुरात भल्याभल्यांना जागेवर बसवायची ताकद दोघांतच आहे, एक फुटबॉलची मॅच आणि दुसऱ्या माझ्या चुलत वहिनी. मॅच दीड तासात संपते. वहिनींनी मात्र शिरोलीच्या फाउंड्रीतल्या कामगारांना सोळा वर्षं धरून ठेवलंय, आणि तेही दरवर्षी त्यांचंच रक्त काढून. भट्टीच्या धुळीनं फुप्फुसांचं काय होतं, या अभ्यासासाठी त्या रक्त घेतात, वर प्रत्येकाला एका यंत्रात फुंकायला लावतात आणि यंत्र त्या श्वासाची रेघ कागदावर काढतं. फोन त्यांना मान्य नाही. "फोनवर माणूस बरा हाय म्हणतोय आनि दारात धापा टाकत येतोय." दोन वर्षं चुकवणारा एक गडी त्यांना मुरगूडला, त्याच्याच मुलीच्या लग्नात सापडला. अक्षता पडल्या पडल्या त्याला मांडवामागं नेऊन फुंकायला लावलं. वऱ्हाडी भोवती जमून "लावा जोर, पावणं!" म्हणून ओरडत होते. यंत्र धरून मी उभा, कारण वहिनींच्या गुडघ्यांमुळे त्यांना स्कूटरवरून फिरवणं माझ्याकडं आहे.

एवढं करून ही बाई दरवर्षी प्रत्येकाला खणखणीत आवाजात वाचून दाखवते, की अभ्यासातून कधीही, कारण न सांगता बाहेर पडता येईल. मी एकदा वैतागलो. "वहिनी, आठवण कशाला करून देता?"

"जाऊ दे की ज्याला जायाचं हाय त्याला, भावजी. डांबून ठेवलेला माणूस खरं सांगत न्हाय."

गेल्या वर्षी शिवाजी पेठेतला एक जुना मोल्डर, ओतकामाचे साचे करणारा, खरंच बाहेर पडला. त्याचा भाऊही अभ्यासातला, आणि तो श्वासाच्याच दुखण्यानं गेला होता. "पंधरा वर्सं फुंकलं त्यानं, बाई. वाचला का? माजं नाव काडा."

वहिनींनी नाव कापलं. एक माणूस बाहेर पडला की त्याची पंधरा वर्षांची नोंद मधेच तुटते, तरी कापलं. महिन्यानं त्या पुन्हा त्याच्या दारात. मी म्हटलं, आता नाव कापलंय की!

"व्हय, म्हणून तर मशीन आनलं न्हाय. भाऊ गेलाय त्याचा."

दर महिन्याला जायच्या, चहा प्यायच्या, परत यायच्या. मला तर त्यांच्यापुढं हात जोडावेसे वाटायचे.

गेल्या महिन्यात तोच बोलला. "त्याचं फुंकलेलं हाय का तुमच्याकडं?"

वहिनींनी त्याच्या भावजयीची सही आणली, अभ्यास चालवणाऱ्या मोठ्या डॉक्टरांशी भांडल्या आणि पंधरा कागद त्याच्या मांडीवर ठेवले. नाव त्यानं परत घातलं नाही. एकेका वर्षावरून बोट फिरवत गेला. शेवटच्या कागदावर रेघ थोडी चढून लगेच खाली आली होती. तिथं बोट थांबलं.

"हितं दमला," तो म्हणाला.

"व्हय," वहिनी म्हणाल्या.