डबीवरचं लेबल

अकरा वर्षं मी एक काम इमानेइतबारे केलं. महिन्यातून एकदा धाकट्या बहिणीबरोबर अंबाजोगाईला जायचं, सेंटरवर तिच्या एचआयव्हीच्या गोळ्या घ्यायच्या, आणि बसस्टँडच्या मागच्या बाकावर बसून डबीवरचं लेबल नखाने खरवडायचं. मग आत कापूस कोंबायचा, म्हणजे आमच्या गावच्या, नांदूरघाटच्या गाडीत गोळ्या खुळखुळत नाहीत. गावात सांगायचं, थायरॉईड आहे. नवरा गेल्यावर ती हा आजार घेऊन माहेरी आली तेव्हाच आईने हे ठरवलं, आणि मी, हायस्कूलला विज्ञान शिकवणारा माणूस, मान डोलावून मोकळा झालो. आम्ही घरात रोज सकाळी पंचशील म्हणतो. खोटं न बोलण्याचं चौथं शील म्हणताना माझा आवाज एकदाही अडखळला नाही, याचा आज मला सगळ्यात जास्त राग येतो.

गोळ्यांवर ती ठणठणीत होती. गावातल्या निम्म्या बायकांचे ब्लाऊज शिवायची. दोन वर्षांपूर्वी हिरड्यांतून रक्त यायला लागलं, ताप हटेना, आणि तपासणीत रक्ताचा कॅन्सर निघाला. केमोने तो दबला. पण तो परत उसळण्याआधी दुसऱ्या कुणाच्या तरी मूळपेशी देऊन प्रत्यारोपण करा, असं डॉक्टरांनी सांगितलं. माझ्या पेशी तिच्याशी पुरत्या जुळल्या. मला वाटलं, सुटलो. पण जिथे केमो झाली त्याच दवाखान्यातल्या साहेबांनी फाईल मिटली आणि म्हणाले, "अशा पेशंटचं प्रत्यारोपण आम्ही करत नाही." अशा म्हणजे कशा, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. इतकी वर्षं गप्प बसलेल्या माणसाला ऐनवेळी तोंड फुटत नाही.

मग पुण्याचं एक हॉस्पिटल कळलं. इथे मी डोकं चालवलं, आणि तेच नडलं. गोळ्यांची डबी मी तिला घरीच ठेवायला लावली. पुण्याला जाताना जीप मांजरसुंब्याला चहाला थांबली तेव्हा फाईलमधले एचआयव्हीचे कागद काढले आणि ढाब्याच्या भट्टीत घातले.

"दादा, एक दिवस बी गोळी चुकवू नका म्हणतेत सेंटरवाले," ती म्हणाली.

"तुला बरं व्हायचंय का न्हाई?" मी खेकसलो.

तिने चहा संपवला आणि जीपमध्ये जाऊन बसली. लहानपणापासून मी म्हणेन ते तिला खरं वाटतं.

पुण्यात नंबर लागून तपासण्या होईपर्यंत दोन आठवडे गेले. मग डॉक्टरबाईंनी मला एकट्याला आत बोलावलं. प्रत्यारोपणाआधी एचआयव्हीची तपासणी होतेच, हे माझ्यासारख्याच्या डोक्यात येऊ नये?

"तुम्हाला माहीत होतं?" त्यांनी विचारलं.

मी खाली बघत हो म्हणालो.

"मग लपवलंत कशाला, सर? त्या एका कारणासाठी आम्ही नाही म्हणत नाही. गोळ्या नियमित हव्यात आणि विषाणू दबलेला हवा, एवढंच. कोणत्या गोळ्या घेतात त्या? काही गोळ्यांचं आमच्या औषधांशी पटत नाही. त्या आधी बदलाव्या लागतात."

मला नाव सांगता येईना. "पिवळसर असते, लांबट," एवढंच मी म्हणालो. विज्ञानाचा शिक्षक! बहिणीलाही ते ठाऊक नव्हतं, म्हणून त्यांच्यासमोरच घरी फोन लावला. आई म्हणाली, "डबीवर काय बी लिहिलेलं न्हाई रे बाबा. तूच तर खरवडतूस."

सेंटरला सुट्टी होती. नावं कळायला आणखी दोन दिवस गेले. गोळ्या बदलून मिळाल्या, पण मधल्या खाड्यात विषाणूने डोकं वर काढलं होतं. तो दबेपर्यंत प्रत्यारोपण थांबलं. तेवढ्यात कॅन्सर उसळला असता तर माझ्या जुळलेल्या पेशी कुणाच्याच कामाच्या नव्हत्या.

सात आठवडे. दर आठवड्याला तिचं रक्त घ्यायचे आणि मी बाहेरच्या खुर्चीवर स्वतःला शिव्या देत बसायचो. बहिणीला मी सगळं कबूल केलं. ती म्हणाली, "मला ठावं हुतं, हे चुकतंय. पन तुझ्यापुढं बोलले न्हाई." याने मला बरं वाटायला हवं होतं. उलट जास्तच चिडलो. आईवर, फाईल मिटणाऱ्या त्या साहेबांवर, आणि "रक्त देतूस, तुला कॅन्सर लागंल बे" असं रोज फोनवर बजावणाऱ्या चुलतभावावर. रक्त माझ्यातून तिच्यात जाणार आहे, तिच्यातून माझ्यात नव्हे, हे त्याला तीनदा समजावलं. चौथ्यांदा फोनच उचलला नाही.

आठव्या आठवड्यात डॉक्टरबाई म्हणाल्या, चला. कॅन्सर तोवर दबून राहिला होता. त्यात माझी काही हुशारी नव्हती. पाच दिवस मला इंजेक्शनं दिली, कंबर आणि मांड्या ठणकल्या, मग चार तास मशीनला जोडून ठेवलं. निघालेल्या पेशींची पिशवी एवढीशी होती. ती तिला चढवली. महिन्याभराने त्या पेशी तिच्यात रुजून वाढू लागल्या, आणि पुढे तिचा रक्तगटही बदलून माझा झाला.

मागच्या महिन्यात आम्ही पुन्हा अंबाजोगाईला गेलो. तोंडाला मास्क लावून ती त्याच बाकावर बसली. मी डबी हातात घेतली आणि माझं नख आपोआप लेबलाच्या कडेला गेलं. तिने डबी काढून घेतली.

"राहू दे, दादा."

"अगं, गाडीत गावचे लोक हायेत."

"असू देत. हे नाव पुसून मी मरायला लागले हुते."

तिने लेबलासकट डबी पर्सच्या वरच्या कप्प्यात ठेवली. कापूस मी घरूनच आणला होता, तो माझ्या खिशातच राहिला. गाडी खड्ड्यात गेली की गोळ्या खुळखुळायच्या. पुढच्या सीटवरच्या आमच्या गल्लीतल्या बाईने दोनदा मागे वळून पाहिलं, आणि दोन्ही वेळा मला घाम फुटला. बहीण खिडकीला डोकं टेकून गाढ झोपली होती.